झळाळी नवी, सायकल मात्र जुनीच हवी

पुणे (प्रतिनिधी) : जिन्याखाली अनेक वर्षे पडून असलेली आजोबांची बावीस इंची सायकल प्रस्तुत प्रतिनिधीने शहरातील एका कारखान्यात रंग आणि क्रोमसाठी दिली. तीन आठवड्यांनी ती परत आली, तेव्हा हँडलमध्ये चेहरा दिसत होता. वडिलांनी सायकलीभोवती एक फेरी मारली, चेनकव्हरवर हात ठेवला आणि विचारले, ‘अण्णांचं नाव कुठे गेलं?’ रंगाऱ्याकडून पांढऱ्या अक्षरांत लिहून घेतलेले ते नाव जुन्या रंगाबरोबर निघून गेले होते. दोष एकट्या कारखान्याचा नव्हता. काय राखायचे, हे आम्ही सांगितलेच नव्हते.

एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात रॅले, हर्क्युलस, हिंद अशा जुन्या सायकली आजही अनेक घरांत आहेत. त्या दुरुस्तीला देण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात.

आधी नोंद, मग हत्यार

सायकल खोलण्यापूर्वी सर्व बाजूंनी तिची छायाचित्रे घ्यावीत. पुढच्या नळीवरील कंपनीचा बिल्ला, फ्रेमवर ठोकलेला क्रमांक, सोनेरी रेघा, विक्रेत्याची पट्टी, सायकल कराचा जुना बिल्ला या तिच्या ओळखीच्या खुणा आहेत. अनेकदा रंग गेला असे वाटते, तो प्रत्यक्षात ग्रीस आणि धुळीचा थर असतो. सौम्य साबणाच्या पाण्याने एक कोपरा पुसून पाहावा. खाली मूळ इनॅमल शाबूत असेल, तर मेणाचे पॉलिश पुरेसे ठरते. रंग खरवडावाच लागला, तर तो ओला करूनच घासावा आणि तोंडाला मास्क लावावा; जुन्या रंगांत शिसे असू शकते.

क्रोमखाली काय असते?

क्रोमची झळाळी एकट्या क्रोमची नसते. पोलादावर आधी निकेलचा, काही वेळा त्याखाली तांब्याचाही थर दिला जातो. गंजापासूनचे संरक्षण मुख्यत्वे निकेल करते. वरचा क्रोमचा थर बहुधा एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. तो खालचा खड्डा झाकत नाही, उलट उठून दाखवतो. म्हणूनच खरे कौशल्य घासण्यात आणि बफिंगमध्ये असते. तेही बेताने व्हावे. अति घासल्यास कोरलेली अक्षरे पुसट होतात.

गंज केवळ ठिपक्यांचा असेल, तर नवे क्रोम नकोच. अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने सहसा चरे पडत नाहीत. क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकात व्यावसायिक वापरात आला. त्यापूर्वीच्या सायकलींवर निकेलची किंचित पिवळसर चमक असे. अशा सायकलीवर निळसर क्रोम चढवणे म्हणजे तिचे वयच बदलणे होय.

हे काम घरी करण्याचा मोह टाळावा. पारंपरिक प्रक्रियेतील सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा कारखानाच निवडावा. सीटखालच्या कठीण स्प्रिंगमध्ये प्रक्रियेदरम्यान हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होऊ शकते. त्यामुळे मुलाम्यानंतर ती लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानात काही तास तापवणार का, हे विचारून घ्यावे.

रंगाचा पर्याय

पावडर कोटिंग टिकाऊ असते. साधारण १८० ते २०० अंशांची त्याची भट्टी पितळेने जोडलेल्या सांध्यांना बाधत नाही. मात्र त्याच्या जाड थरात सांध्यांच्या नाजूक कडा आणि फ्रेमचा क्रमांक बुजू शकतो. पातळ थरांत दिलेले इनॅमल मूळ रूपाच्या अधिक जवळ जाते. पद्धत कोणतीही असो, आटे आणि छर्ऱ्यांच्या वाट्या आधी झाकून घ्याव्यात. वाळूचा मारा सौम्य दाबाचाच असावा, अन्यथा पातळ नळ्या झिजतात.

दिसण्याइतकेच चालणेही महत्त्वाचे. सळईच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगाला घासते. तेथे क्रोमचे पापुद्रे निघत असतील, तर रिम वापरू नये. क्रोमच्या रिमवर पावसात ब्रेक उशिरा लागतो, हेही विसरू नये.

आमच्या चेनकव्हरवर नाव पुन्हा लिहून घेता येईल. एका जुन्या छायाचित्रात ते अर्धे दिसते, त्यावरून रंगारी अक्षरे बेततो म्हणाला. वडिलांनी मात्र अजून होकार दिलेला नाही. ते अण्णांनी स्वतः उभे राहून लिहून घेतले होते, एवढेच ते म्हणतात.