जुन्या यंत्रांचें दान

घरांतील जुनी वस्तु टाकून न देतां कोणाच्या तरी उपयोगीं पडावी, ही आपल्या कुटुंबांतील जुनीच रीत होय. संगणक, दूरदर्शन-संच, मोबाइल यांच्या बाबतींत मात्र तीस थोड्या विवेकाची जोड हवी, असें आम्हांस वाटतें.

पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशाचें उदाहरण घ्या. युरोप-अमेरिकेंतून तेथें वर्षानुवर्षें वापरलेले संगणक येत आले आहेत. अक्रा शहरांतील कुशल कारागीर त्यांतील पुष्कळ दुरुस्त करून पुन्हा उपयोगांत आणतात. परंतु निकामी संच आगबोगब्लोशीच्या भंगारबाजारांत जात. तेथें कोंवळीं मुलें तांब्यासाठीं तारा जाळीत. तारेवरील प्लास्टिकच्या धुरांतून डायॉक्सिनसारखीं विषें पसरतात, आणि राखेमातींतील शिसें मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करितें. २०२१ सालीं सरकारनें तो बाजार उठविला. पण धंदा बंद न पडतां आसपास विखुरला.

१९८९ च्या बाझेल करारांतील दुरुस्तीनुसार, १ जानेवारी २०२५ पासून असा कोणताही कचरा पाठविण्यापूर्वीं सदस्य राष्ट्रांस घेणाऱ्या देशाची संमति घ्यावी लागते. तथापि हा प्रश्न केवळ परदेशचा नव्हे. दिल्लीच्या सीलमपूर भागांतही हें काम उघड्यावर होत आलें आहे.

म्हणून चालू संच आंतील माहिती पुसून, स्वतः चालवून पाहूनच द्यावा. दुरुस्त न होणारा संच भंगारवाल्यास न देतां अधिकृत संकलन-केंद्रांतच पोंचवावा. मोडक्या वस्तूचें दान हें दान नव्हे. तें आपल्या घरचें विष दुसऱ्याच्या अंगणांत टाकणें होय.