चॉकलेट खायचं की चाखायचं? मुलांसोबत करून बघण्याचा एक गोड पाठ



वर्गातल्या मुलांना एक साधा प्रश्न विचारून बघा : "चॉकलेट म्हणजे काय?" संत्र्याची गोळी, दुधाची टॉफी, जेली, लॉलीपॉप, सगळ्यांना आपली मुलं एकच नाव देतात. आमच्या हुडकेश्वरच्या कोणत्याही किराणा दुकानात बरणीकडे बोट दाखवून "काका, दोन चॉकलेट द्या" म्हटलं, की जे हातात येतं त्यात पुष्कळदा कोकोचा कणही नसतो. नाव एकच असल्यामुळे फरकाकडे लक्षच जात नाही. गोळी तोंडात जाते, दोनदा चावून संपते, वेष्टन रस्त्यावर पडतं आणि हात पुन्हा खिशात.

गोड मिळण्याच्या निमित्तांना तर आपल्याकडे तोटा नाही. संक्रांतीचं बोरन्हाण, होळीच्या साखरगाठ्या, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरताना मिळणारा बोजारा, आणि वर्षभर वर्गातले वाढदिवस. या सगळ्यांपुढे "गोड खाऊ नको" हे आपलं वाक्य फार टिकत नाही. त्यापेक्षा मुलांना चाखायला शिकवलं तर? जो सावकाश चाखतो, त्याला एक गोळीही पुरते. शिवाय त्या एका गोळीत विज्ञान, गणित, भूगोल आणि भाषा असे चार विषय दडलेले असतात. आनंददायी शनिवारी घेता येईल असा हा पाठ आहे. घरीही करता येतो.

चाखण्याचा खेळ आपल्या ओळखीचा आहे

विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी होतात. गाणी संपली की खरी मजा सुरू होते, खाऊ ओळखण्याची. झाकलेला डबा हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, "गोड आहे की तिखट?" असे प्रश्न विचारायचे आणि मग नाव सांगायचं. डोळे सोडून बाकीची ज्ञानेंद्रियं कामाला लावणारा हा सुंदर खेळ आपल्या आजी-आईने आपल्याला दिलेला आहे.

असाच खेळ इंग्लंडमध्ये एका शाळेत झाला होता. लेखक रोआल्ड डाल लहानपणी रेप्टन नावाच्या निवासी शाळेत शिकत होते. कॅडबरी कंपनी तिथल्या मुलांना अधूनमधून साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बारा चॉकलेटं पाठवायची. त्यातली अकरा नवीन प्रयोगातली आणि एक नेहमीचं, तुलनेसाठी. सोबत एक कागद असायचा. प्रत्येक चॉकलेटला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि ते का आवडलं किंवा का नाही आवडलं, ते लिहायचं. 1984 साली आलेल्या 'बॉय' या आठवणींच्या पुस्तकात डाल यांनी हे सांगितलं आहे. पुढे 1964 मध्ये आलेल्या 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' या कादंबरीचं बीज तिथेच पडलं.

आपल्या पाठासाठी त्यातला "का?" हा शब्द उचला. "छान आहे" एवढं उत्तर घ्यायचं नाही. छान म्हणजे कसं? कुरकुरीत, चिवट, रवाळ, तुरट, आंबूस, खमंग, तोंडात विरघळणारं? फळ्यावर हे शब्द लिहीत गेलं की विशेषणांचा पाठ वेगळा घ्यावा लागत नाही.

पहिला प्रयोग : नाक धरून संत्र्याची गोळी

मुलांना नाक घट्ट दाबून संत्र्याची गोळी तोंडात ठेवायला सांगा. चावायची नाही, बोलायचं नाही. काय जाणवतं? गोड आणि थोडं आंबट, बस्स. संत्रं कुठेच नाही! आता नाक सोडा. क्षणात संत्रं येतं.

कारण सोपं आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्याच मुख्य चवी कळतात. उमामी ही पाचवी चव जपानच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 साली ओळखली. संत्रं, आंबा, वेलची, व्हॅनिला यांची ओळख आपल्याला वासामुळे पटते. तोंडातली हवा घशामागून नाकात जाते आणि तिथे वास कळतो. सर्दी झाली की जेवण बेचव का लागतं, याचं उत्तर मुलं आता स्वतःच देतील.

जाता जाता एक जुनी चूकही दुरुस्त करा. जिभेच्या टोकाला गोड, बाजूला आंबट, मागे कडू अशी आकृती आपण सगळ्यांनी वहीत काढलेली आहे. 1901 मधल्या एका जर्मन संशोधनाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला आणि ती आकृती रूढ झाली. सगळ्या चवी जिभेच्या सगळ्या चव घेणाऱ्या भागांवर कळतात. जिभेच्या कडेला साखरेचा दाणा ठेवून मुलांनाच खात्री करू द्या.

दुसरा प्रयोग : तीन संत्री

नागपुरात राहून हा प्रयोग केला नाही तर काय उपयोग! आपल्या संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आंबिया बहाराची फळं हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या दिवसांत तीन गोष्टी आणा : संत्र्याची फोड, संत्रा बर्फीचा छोटा तुकडा आणि संत्र्याची गोळी.

आधी संत्र्याची साल मुलांच्या नाकाजवळ दुमडा. बारीक फवारा उडतो ना, ते सालीतलं तेल. त्यातला मुख्य घटक लिमोनीन, संत्र्याच्या वासाचा मोठा वाटा त्याचाच. मग फोड खायला द्या : गोड, आंबट, पाणीदार, शेवटी किंचित कडसर. बर्फीत संत्र्याचा गर आणि साखर असते, कुठे त्यात खवा घालतात, तर कुठे कोहळ्याचा कीस. तिची चव मऊ आणि भरीव. गोळीत मात्र साखर, सायट्रिक आम्ल, रंग आणि वास. ती एका झटक्यात "संत्रं" म्हणते आणि पुढे तेच ते म्हणत राहते. तिन्हींत मुलांना आवडेल कदाचित गोळीच, आणि त्याला हरकत नाही. आपण काय खाल्लं, हे त्यांना सांगता आलं पाहिजे.

तिसरा प्रयोग : पाकाची शाळा

साखर एकच, मग गाठी पांढरी आणि रवाळ, चिक्की कडक, गोळी काचेसारखी पारदर्शक, असं का? उत्तर पाकात आहे. पाक उकळत राहिला की पाणी उडून जातं आणि तापमान चढत जातं. साधारण 115 अंश सेल्सिअसला पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकला तर मऊ गोळी होते. 150 अंशांच्या आसपास तोच थेंब कडक होतो आणि कट्कन तुटतो. आजीने थर्मामीटर कधी पाहिला नव्हता, पण बोटांवर तार काढून ती हेच मोजत होती.

पाक थंड होताना साखरेचे कण पुन्हा रांगेत बसले तर स्फटिक होतात आणि गाठी अपारदर्शक दिसते. त्यांना रांगेत बसूच दिलं नाही, तर गोळीसारखी गुळगुळीत 'साखरेची काच' तयार होते. म्हणून गोळ्यांमध्ये लिक्विड ग्लुकोज घालतात. घरी पाकात लिंबाचे दोन थेंब पिळतात, त्यामागचं कारणही तेच. भिंगाखाली गाठीचा आणि गोळीचा तुकडा शेजारी ठेवून दाखवा. पाक करण्याचं काम मात्र मोठ्यांनीच करायचं. उकळता पाक अंगाला चिकटतो आणि पाण्यापेक्षा खोल भाजतो.

मग खरं चॉकलेट कोणतं?

कोकोचं झाड मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात ते केरळ, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तमिळनाडूत लावलं जातं. शेंगेतल्या बिया आंबवून, वाळवून, भाजून कोको तयार होतो. चॉकलेट शेकडो वर्षं प्यायलाच जात होतं. साच्यातली वडी इंग्लंडच्या फ्राय कंपनीने 1847 मध्ये आणली आणि दुधाचं चॉकलेट स्वित्झर्लंडच्या डॅनिएल पीटर यांनी 1875 मध्ये.

खऱ्या चॉकलेटची खूण जिभेवर कळते. त्यातलं कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं आणि आपलं शरीर असतं 37 अंशांवर. म्हणून तुकडा जिभेवर नुसता ठेवला तरी विरघळतो. स्वस्त वड्यांमध्ये पुष्कळदा कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. ती मेणासारखी लागते आणि टाळूला चिकटते. आपल्याकडच्या नियमांनुसार चॉकलेट म्हणून विकायच्या पदार्थात कोको बटरखेरीज दुसरी वनस्पती चरबी 5 टक्क्यांपर्यंतच चालते.

आता नागपूरच्या मे महिन्याची गोष्ट. पारा 45 च्या पुढे गेला की दुकानातलं चॉकलेट वितळतं आणि रात्री पुन्हा घट्ट होतं. त्यावर पांढुरका थर आला की "बुरशी लागली" म्हणून आपण फेकून देतो. बहुतेक वेळा तो थर वर आलेल्या कोको बटरचा असतो. चव थोडी बिघडते, पण अपाय नसतो. लव असलेली खरी बुरशी, कीड किंवा खवट वास असेल तर मात्र बिनधास्त फेका.

वेष्टन हेही एक पान आहे

गोळी संपली तरी पाठ संपत नाही. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव साखर असेल तर सगळ्यात जास्त साखरच. पुढे आयएनएस आकडे दिसतील : 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, 322 म्हणजे लेसिथिन, 110 म्हणजे सनसेट यलो हा नारिंगी रंग. आकडा दिसला की विष असं नाही, फक्त नाव माहीत असू द्या.

वेष्टनावर इतिहासही असतो. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात रावळगाव नावाचं गाव आहे. वालचंद हिराचंद यांनी 1933 मध्ये तिथे साखर कारखाना काढला आणि 1942 पासून त्याच गावाच्या नावाने गोळ्या येऊ लागल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही त्यांचीच नावं. 2024 मध्ये हा गोळ्यांचा व्यवसाय 27 कोटी रुपयांना रिलायन्सकडे गेला. घरी जाऊन आजोबांना "तुमच्या लहानपणी कोणती गोळी मिळायची, कितीला मिळायची?" एवढं विचारायला सांगा. दुसऱ्या दिवशी वर्ग ऐकण्यासारखा असतो.

दातांचं गणित आणि शनिवारची गोळी

हा भाग पालकांनी नीट वाचावा. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की दातांवरचं कवच झिजू लागतं. लाळेला ते आम्ल आवरायला साधारण अर्धा तास लागतो. आता गणित घाला. पाच गोळ्या जेवणानंतर एकदम खाल्ल्या, तर दात एकदा त्या तडाख्यात सापडले. त्याच पाच गोळ्या दिवसभर एकेक करून चघळल्या, तर पाच वेळा, म्हणजे जवळपास अडीच तास. म्हणजे किती खाल्लं याइतकंच किती वेळा खाल्लं हेही महत्त्वाचं.

हे जगाला कळलं त्यामागे एक वेदनादायक कहाणी आहे. स्वीडनमध्ये विपेहोल्म नावाच्या संस्थेत 1940 च्या दशकात बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून त्यांचे दात किडतात का ते बघितलं गेलं. त्यांची संमती कुणी घेतली नाही. अनेकांचे दात कायमचे गेले. मोठ्या मुलांना हे जरूर सांगा. मिळालेलं ज्ञान खरं असलं, तरी ते मिळवण्याची रीत चुकीची असू शकते. या अभ्यासानंतर स्वीडनमध्ये मुलांना आठवड्यातून एकदाच, शनिवारी, गोड द्यायचा रिवाज रुजला. आजही तिथली मुलं शनिवारची वाट बघतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, शक्यतो 5 टक्क्यांहून कमी. मोठ्या माणसासाठी ही दुसरी मर्यादा म्हणजे सुमारे 25 ग्रॅम, सहा छोटे चमचे. मुलांसाठी त्याहून कमी. बोजाऱ्यात मिळालेल्या गोळ्यांची साखर वेष्टनावरून मुलांनाच मोजू द्या. बेरीज ती स्वतः करतात, तेव्हा आपल्याला उपदेश करावा लागत नाही.

घेण्याआधी एवढं बघा

- पालकांना आधी कळवा. कुणाला शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असते, कुणाला मधुमेह असतो. अशा मुलाला बाजूला बसवू नका. वास घेणं, वेष्टन वाचणं, गुण नोंदवणं ही कामं त्याला द्या, किंवा त्या दिवशी सगळ्यांनीच फक्त फळ चाखा.
- पाच वर्षांखालच्या मुलांना कडक गोळी देऊ नका, घशात अडकते. मोठ्यांनीही बसूनच खायची.
- तुकडे छोटे ठेवा. प्रत्येक चवीनंतर पाण्याचा घोट आणि शेवटी सगळ्यांनी खळखळून चूळ भरायची.
- वेष्टनं मोजून कचऱ्याच्या डब्यात. हाही पाठाचाच भाग.

लेखनासाठी विषय द्या : "मी चाखलेली एक गोळी". दहा ओळी पुरेत, अट एकच : "छान", "मस्त" आणि "टेस्टी" हे तीन शब्द वापरायचे नाहीत. मुलं आधी डोकं खाजवतात, मग गोळी पुन्हा आठवतात, आणि मग लिहायला लागतात. घरच्यांनीही एखाद्या शनिवारी जेवणानंतर एकच चॉकलेट चार जणांत वाटून, प्रत्येकाने एक नवा शब्द सांगून बघावा. चौघांचे चार वेगळे शब्द आले, की मुलं चाखायला लागली म्हणून समजा.