कढण, येसर आणि आंबील

सूप म्हटले की आमच्या जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही म्हातारीच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येते ते धान्य पाखडायचे सूप. शहरातल्या डॉक्टरांनी "आजींना चार दिवस सूप द्या" असे सांगितले की घरातली सून दुकानात जाते आणि रंगीत पाकीट घेऊन येते. आता गंमत पाहा. 'सूप' हा शब्द संस्कृतात फार पूर्वीपासून आहे आणि त्याचा अर्थच मुळी डाळीचे कालवण, वरण असा आहे. स्वयंपाक्याला 'सूपकार' म्हणत ते त्यावरूनच. पाखडायचे सूप आले ते 'शूर्प' या निराळ्या शब्दावरून. आणि इंग्रजी सूप आपल्याकडे आले ते आणखी निराळ्या वाटेने. त्याचे मूळ रसात भिजवलेल्या पावाच्या तुकड्यात आहे. तीन वाटांनी आलेले शब्द एका उच्चाराला येऊन मिळाले, इतकेच.

तेव्हा डॉक्टरांनी सूप सांगितले तर दुकानाची वाट धरण्याआधी घरातले डबे उघडून पाहा. कढण, कट, सार, कढी, आंबील, माडगे, येसराची आमटी ही सारी आपली सुपेच आहेत.

हा विषय मी निवडला त्याला एक कारण आहे. दिवाळीच्या आगेमागे अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतली पुष्कळ घरे ऊसतोडीला बाहेर पडतात. कर्ती माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या भागात जातात आणि मागे राहतात आजी-आजोबा, कधी त्यांच्याजवळ एखाददुसरे नातवंड. आजीच्या तोंडात दात नाहीत, भाकरी थापायचे हातात बळ नाही. मग सकाळी चहा-बिस्किट आणि संध्याकाळीही चहा-बिस्किटच. गुरुजी, तुमच्या वर्गातले जे पोर दहा वाजताच पेंगायला लागते ते कदाचित याच घरातले असेल. अशा घरासाठी एका भांड्यात, पाऊण तासाच्या आत होणारे आणि न चावता गिळता येणारे जेवण कोणते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे पहिले उत्तर येसर. मराठवाड्याबाहेर हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही, आणि आपल्याकडेही ते आता लग्नाच्या पंगतीपुरते उरत चालले आहे. येसर म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींचे मसाला घातलेले पीठ. गहू, बाजरी किंवा ज्वारी, हरभऱ्याची डाळ, थोडी उडदाची डाळ, मूठभर तांदूळ. त्यांच्याबरोबर धने, जिरे, सुक्या मिरच्या, दगडफूल, लवंग, दालचिनी. प्रमाण घरोघरी निराळे आणि प्रत्येकीला आपलेच बरोबर वाटते. त्या वादात मी पडत नाही. महत्त्वाचे एवढेच की प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा. गव्हाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात जिरे जळून कोळसा होतात. भाजण्याने दोन गोष्टी साधतात. धान्यातला ओलावा जातो, म्हणून कोरड्या बरणीत येसर महिनोन् महिने टिकतो. आणि पिठाचा कच्चेपणा गेलेला असतो, म्हणून आमटी करताना ते फार शिजवत बसावे लागत नाही. पाकिटातल्या सूपाची युक्ती तरी दुसरी काय आहे? फरक इतकाच की त्यात बहुधा मक्याचे पीठसत्त्व आणि भरपूर मीठ असते, आणि आपल्या येसरात दोन डाळी असतात. ऊसतोडीला निघण्यापूर्वी लेकीसुनांनी एक मोठी बरणी भरून ठेवली तर म्हाताऱ्यांचा हिवाळा पुष्कळ सोपा होईल.

आमटी अशी करावी. पातेल्यात चमचाभर तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, हळद. त्यावर तीन वाट्या पाणी. पाणी उकळेपर्यंत दोन मोठे चमचे येसर अर्ध्या वाटी गार पाण्यात कालवून घ्यावा आणि तो उकळत्या पाण्यात ढवळत ढवळत सोडावा. पाच-सात मिनिटांत आमटी तयार. दात नसलेल्यांनी तीत भाकरी कुस्करून दहा मिनिटे झाकून ठेवावी.

पीठ गार पाण्यातच का कालवायचे? पुष्कळजणी घाईत कोरडे पीठ उकळत्या पाण्यात टाकतात आणि मग गुठळ्या मोडत बसतात. पिठातल्या सत्त्वाचे बारीक कण गरम पाणी मिळताच ते शोषून फुगतात आणि चिकट होतात. कोरडा गोळा पडला की त्याचे बाहेरचे कण आधी फुगतात, त्यांचे एक कवच बनते आणि आतले पीठ कोरडेच राहते. गार पाण्यात हे कण फुगत नाहीत, नुसते सुटे होतात. मग उकळीत गेल्यावर सगळे सारखे फुगतात. कढीला बेसन लावतात त्यातही हाच गुण कामी येतो. नुसते आंबट ताक उकळले तर ते फाटते. फुगलेले पीठ मध्ये आले की ताकातली प्रथिने एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत.

आता कढण. सालीचे मूग एक वाटी घेऊन किंचित भाजावेत, आठ वाट्या पाण्यात मऊ शिजवावेत, रवीने घुसळावेत. वर साजूक तुपात जिरे-हिंगाची फोडणी, आल्याचा तुकडा, मीठ. कुकर असेल तर चार शिट्ट्या पुरतात. आंबटपणा हवा तर चिंच, कोकम किंवा टोमॅटो मूग पूर्ण शिजल्यावरच घालावा, कारण आंबटात डाळीचा दाणा मऊ होत नाही, कितीही जाळ घाला. तीच गोष्ट जड पाण्याची. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रार गावोगाव ऐकू येते; त्या पाण्यातला चुना दाण्याच्या सालीला घट्ट करतो. पाणी आधी चांगले उकळावे, निवळू द्यावे आणि वरचे तेवढे ओतून घ्यावे. चिमूटभर सोडा टाकण्याची सवय मात्र सोडलेली बरी. डाळ शिजते खरी, पण तिच्यातले ब-1 जीवनसत्त्व त्याने नासते.

आजाऱ्याला पातळापासून दाटाकडे न्यावे हा विचारही आपल्याकडे जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्या अध्यायात निरनिराळ्या तक्रारींवर 28 प्रकारच्या यवागू, म्हणजे पेजा, सांगितल्या आहेत. वैद्यांच्या क्रमात आधी मंड, म्हणजे भाताचे वरचे निव्वळ पाणी. मग पेया, त्यात थोडी शिते. मग विलेपी, ही दाट. आणि त्यानंतर डाळीचे यूष. यूष म्हणजे आपले कढणच. भूक जशी परतेल तसा एकेक पायरी वर चढायचे.

पण इथेच एक मोठा घोटाळा होतो. पातळ ते पचायला हलके, म्हणून बाळालाही डाळीचे वरचे पाणीच पाजतात. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको. त्यानंतर मात्र आईच्या दुधाबरोबर त्याला पोटभरीचे अन्न हवे असते, आणि त्याचे पोट असते मुठीएवढे. ते डाळीच्या पाण्याने भरले की बाळ गप्प राहते, पण वजन वाढत नाही. त्याला वरचे पाणी नको, खालची डाळ हवी. चांगली घोटून, तुपाचा थेंब घालून, चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही इतकी दाट. अंगणवाडीताई हे सांगतात. आजीबाईंना ते पटवायचे काम शिक्षकांनीही अंगावर घ्यावे.

जुलाब लागले तर गोष्ट निराळी. तिथे शरीरातले पाणी आणि मीठ जाते आणि तेच माणसाच्या जिवावर बेतते. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी तोंडाने पाजून असंख्य रोगी वाचवले. ग्लुकोजबरोबर मीठ आतड्यात शोषले जाते आणि मिठामागोमाग पाणी, हे त्यातले मर्म. पुढे 1980च्या सुमारास ढाक्याच्या संशोधकांनी दाखवले की ग्लुकोजऐवजी तांदळाचे शिजवलेले पीठही ते काम करते. आपली मीठ घातलेली पातळ पेज म्हणून उपयोगी. तरी लहान मुलाला आधी दवाखान्यातली ओआरएसची पुडी पाजावी. पेज तिच्या जोडीला. डोळे खोल गेले, लघवी थांबली तर चूल सोडून सरळ दवाखाना गाठावा.

उन्हाळ्यात कढणापेक्षा आंबील बरी. शाळूचे अर्धी वाटी पीठ वाटीभर ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. ताकातले जंतू त्यात वाढतात आणि त्याला आंबट करतात. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात हे पीठ सोडावे, दहा मिनिटे शिजवावे, लसूण, जिरे, मीठ घालावे आणि निवल्यावर ताक मिसळून प्यावे. आंबवल्याने ज्वारीतले लोह शरीराला अधिक लागू पडते. पिठावर बुरशी दिसली किंवा आंबट सोडून दुसरा वास आला तर मात्र ते गुरांनाही घालू नये.

राहता राहिले माडगे. सर्दी-पडशात आणि पावसाळी गारठ्यात याच्यासारखे दुसरे काही नाही. हुलगे खमंग भाजून भरडावेत, सालपट पाखडून टाकावे आणि पीठ करून ठेवावे. चार चमचे पीठ गार पाण्यात कालवून तीन वाट्या उकळत्या पाण्यात सोडावे. गूळ, सुंठ आणि चवीपुरते मीठ. हुलग्यात शेकडा वीस-बावीस भाग प्रथिने असतात, आणि पाऊस ओढ देतो तेव्हाही हे पीक तग धरते. सोयाबीन आणि कापूस आल्यापासून ते बांधावरही दिसेनासे झाले आहे. बियाणे ठेवणारा एखादा शेजारी असेल तर त्याच्याकडून पायलीभर मागून घ्या. ज्यांना साखरेचा विकार आहे त्यांनी गूळ वगळावा आणि त्याऐवजी जिरे, लसूण व थोडे ताक घालून तिखटमिठाचे माडगे करावे. चवीला तेही वाईट लागत नाही.