तुकड्याच्या कडेवरचे अक्षर

दूरच्या संगणकावरून एखादे मराठी पुस्तक उतरवून घेतले, की ते सलग आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते तुकड्यातुकड्यांनी येते, आणि तुकडा कुठे तुटावा हे ठरताना अक्षराचा विचार झालेला नसतो.

डॅनियल स्टेनबर्ग या स्वीडिश प्रोग्रामरने १९९८ मध्ये 'कर्ल' हे साधन प्रसिद्ध केले. त्यातूनच २००० मध्ये 'लिबकर्ल' ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार संच, पुढे आली. लिबकर्ल मजकूर आणून देते. त्याचे काय करायचे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचे. त्यासाठी तो तिच्याकडे आपले एक फंक्शन सोपवून ठेवतो. तुकडा आला की लिबकर्ल त्याला हाक मारते. हाच कॉलबॅक. त्याने तुकडा ताब्यात घ्यायचा आणि किती बाइट घेतले तो आकडा परत सांगायचा. बाजारात पोती उतरवून घेणारा मोजून आकडा सांगतो, तसेच हे. आकडा जुळला नाही, तर लिबकर्ल २३ क्रमांकाची चूक दाखवून काम थांबवते.

तुकडा एका बाइटचाही असू शकतो. नेहमीच्या मांडणीत तो जास्तीत जास्त १६,३८४ बाइटचा असतो. आता आपली लिपी पाहू. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'क्षि' म्हणजे क, पाय मोडल्याची खूण, ष आणि वेलांटी: एकूण १२ बाइट. १६,३८४ ला तिनाने भागले तर बाकी एक उरते. म्हणजे तुकड्याची कड चिन्हाच्या मधोमध येऊ शकते. प्रत्येक तुकड्याचे वेगवेगळे वाचन केले, तर अशा जागी अक्षराऐवजी प्रश्नचिन्हाची चौकट उमटते. तसाच मजकूर साठवला, तर मूळ अक्षर त्या प्रतीतून कायमचे जाते. केवळ इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसतच नाही.

उपाय सोपा आहे. आलेले बाइट जसेच्या तसे साठवावेत आणि सगळे आल्यावरच त्यांची अक्षरे करावीत. मजकूर फार मोठा असेल, तर कडेचे अर्धवट बाइट राखून पुढच्या तुकड्याला जोडावेत. मात्र परत सांगायचा आकडा बाइटचाच हवा, अक्षरांचा नव्हे. राखून ठेवलेले बाइटही त्यात धरायचे, कारण तेही आपण स्वीकारलेलेच असतात.

जुनी मराठी पुस्तके आता संगणकात जात आहेत. ती अक्षरशः जशीच्या तशी राहतील की नाही, हे अशा चार ओळींच्या फंक्शनवरही अवलंबून आहे.