तळपायाची खबर

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे सासरे साताऱ्याहून वर्षातले काही महिने मुलाकडे राहायला येतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे, मधुमेह जुना. जवळच्या उद्यानात गोटे रोवलेली ‘ॲक्युप्रेशर’ वाट आहे. हे आप्पा रोज सकाळी चपला हातात घेऊन तिच्यावरून फेऱ्या मारतात. शेजारच्या स्टार्टअपवाल्या मुलाने त्यांना कागदासारख्या पातळ तळाचे ‘बेअरफूट’ बूट घ्यायला सांगितलं आहे. इकडे आप्पांचा रात्री बाथरूमला जाताना तोल जायला लागला आहे, दिवसा मात्र ते ठणठणीत चालतात. ताई विचारतात, अनवाणी चालल्याने तोल सुधारतो, हे खरं का?

खरं आहे, थोडंफार. पण आप्पांना मी तसं करू देणार नाही. कारण सांगतो.

लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचा खेळ आपण सगळ्यांनी केला आहे. काठी क्षणभरही स्थिर नसते. ती कलते, हात तिच्याखाली सरकतो, ती दुसरीकडे कलते, हात परत धावतो. उभं राहणं हे असंच असतं. शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो, म्हणजे आपण सारखे पुढे पडत असतो आणि पोटऱ्या आपल्याला सारख्या मागे खेचत असतात. बसस्टॉपवर ‘नुसता उभा’ असलेला माणूसही प्रत्यक्षात डोलतच असतो. काठीवाल्या पोराला निदान काठीचं टोक दिसतं, तो त्याच्यावरच नजर लावून असतो. आपल्याला आपलं टोक दिसत नाही. मग कललो हे कळतं कसं?

‘कानामुळे’ असं उत्तर बहुतेकांना शाळेपासून पाठ असतं. अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांचं चित्र आपण सगळ्यांनीच काढलेलं आहे. कानाचं महत्त्व कोण नाकारतो! पण 1994 साली सिडनीच्या फिट्झपॅट्रिक आणि मॅक्लॉस्की या संशोधकांनी डोळे, कान आणि पाय यांपैकी कोणाला किती बारीक डोलणं कळतं हे वेगवेगळं मोजलं. सर्वांत तल्लख निघाले पाय. शांत उभ्या माणसाचं डोलणं इतकं मंद असतं की कानाला त्याचा पत्ताही लागत नाही.

डोळे तल्लख असले तरी फसतात. सिल्क बोर्डच्या सिग्नलला अडकलात की बघा. शेजारची बीएमटीसीची बस हळूच पुढे सरकते आणि आपली गाडी मागे चालली असं वाटून तुमचा पाय ब्रेकवर दाबला जातो.

फसवणूक पायांचीही करता येते. स्वीडनच्या एक्लुंड यांनी 1970च्या दशकात उभ्या माणसांच्या टाचेमागच्या जाड शिरेवर कंपनं दिली. डोळे मिटलेला माणूस बघता बघता मागे झुकतो. कंपनांमुळे मेंदूला वाटतं की पोटरीचा स्नायू ताणला गेला, म्हणजे शरीर पुढे पडतंय, आणि तो बिचारा सावरायला म्हणून मागे ढकलतो. स्नायूंच्या या बातमीला तळव्याच्या कातडीची जोड असते. भार टाचेवर आहे की चवड्यावर, फरशी घसरते आहे की नाही, हे तिथले मज्जातंतू क्षणोक्षणी कळवत असतात.

ही बातमी थांबली तर काय होतं, हे बर्लिनच्या मोरिट्झ रॉम्बर्गने 1840च्या दशकात लिहून ठेवलं. त्याचे रुग्ण डोळे उघडे असताना उभे राहत, डोळे मिटायला सांगितले की कोलमडत. सकाळी तोंड धुताना, चेहऱ्यावर पाणी घेऊन डोळे मिटले की तोल जाई. पाठीच्या कण्यातून पायांची खबर वर नेणारे तंतू त्यांचे खराब झाले होते, ती उणीव डोळे भरून काढत होते. रॉम्बर्गची ही चाचणी आजही दवाखान्यात होते. घरी एकट्याने करू नका. आप्पांचा तोल नेमका अंधारातच जातो, हे वाचून मला सर्वांत आधी आठवला तो रॉम्बर्ग. रात्री उठल्यावर रक्तदाब घसरणं, झोपेच्या गोळ्या अशी दुसरी कारणंही असू शकतात, ती डॉक्टर तपासतील.

आता ती गोट्यांची वाट. तिच्या तोंडाशी बहुधा तळव्याचा नकाशा लावलेला असतो: इथे मूत्रपिंड, तिथे यकृत. त्या फलकाला काही आधार नाही. गोट्यांना मात्र आहे. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये साठीपुढच्या माणसांना 16 आठवडे गोट्यांच्या चटईवरून चालवलं, बाकीच्यांना साध्या जमिनीवरून. 2005 साली निष्कर्ष आला: गोटेवाल्यांचा तोल जास्त सुधारला, रक्तदाबही थोडा उतरला.

बुटांची गोष्ट जरा वेगळी. अबेबे बिकिला 1960 साली रोमची ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला, हे बेअरफूटवाले हमखास सांगतात. तोच बिकिला चार वर्षांनी टोकियोत बूट घालून तीन मिनिटं कमी वेळात धावला, हे सांगायचं राहून जातं. पाच बोटांचे बूट काढणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर, स्नायू बळकट होतात नि दुखापती टळतात या दाव्यांवरून अमेरिकेत खटला झाला. 2014 साली तिने चूक कबूल न करता 37.5 लाख डॉलर देऊन तो मिटवला. अनवाणी चालून तळव्याला पडणाऱ्या घट्ट्यांनी जाणीव बोथट होते, हेही खरं नाही बरं का. केनियातल्या माणसांवर झालेल्या 2019च्या अभ्यासात जाड घट्ट्यांखालीही तळवा तितकाच जागा निघाला.

पण हे सगळं ज्यांचा तळवा जागा आहे त्यांच्यासाठी. बधीर तळव्याबद्दल जगाला जे कळलं, ते बरंचसं एचएसआरपासून काही तासांवर असलेल्या वेल्लोरमध्ये, आणि ते ज्याच्यामुळे कळलं त्या माणसाचं नाव मधुमेहाच्या जाहिरातींत कधी दिसत नाही. डॉ. पॉल ब्रँड, जन्म 1914, तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात. 1946 साली तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने सडतात, असं तेव्हा मानलं जाई. ब्रँडने दाखवलं की रोग फक्त जाणीव मारतो. नासधूस होते ती खिळ्याने, चटक्याने, आणि सर्वांत जास्त म्हणजे एकाच जागी दाब देत चालत राहिल्याने. दुखत नाही म्हणून माणूस लंगडत नाही, लंगडत नाही म्हणून जखम भरत नाही.

एकदा लांबच्या प्रवासानंतर लंडनला पोचून मोजे काढताना ब्रँडला आपली टाच बधीर लागली. सुई टोचली, काहीच कळलं नाही. कुष्ठरोग झाला असं धरून त्याने ती रात्र काढली. सकाळी धीर करून परत सुई टोचली आणि किंचाळला, आनंदाने! रेल्वेत अवघडून बसल्याने एक नस दबली होती, इतकंच.

वेल्लोर आणि जवळच्या कारिगिरीत बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला तयार झाल्या. त्याच आजच्या ‘एमसीआर’ चपला. पायावर घट्ट प्लास्टर घालून चालत्या माणसाची जखम भरून काढायची पद्धतही कुष्ठरोगाचीच. भारतात जोसेफ खान आणि श्रीलंकेत मिलरॉय पॉल यांनी 1930च्या दशकात ती वापरली, ब्रँडने अमेरिकेत नेली, आणि आज मधुमेहाच्या पायासाठी ती जगभर वापरतात.

मधुमेहात शरीरातले सर्वांत लांब मज्जातंतू आधी मरतात, म्हणून बधीरपणाची सुरुवात पायाच्या बोटांपासून होते, आणि चोरपावलांनी. आयसीएमआरच्या 2023च्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत. तळवा जागा आहे का हे बघायला 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा पुरतो. डॉक्टर तो तळव्याला ठिकठिकाणी टेकवून ‘कळतंय का?’ विचारतात. दोन मिनिटांचं काम.

तर ताई, आप्पांना या आठवड्यातच त्या धाग्याच्या तपासणीसाठी न्या. तोवर गोटे बंद, बेअरफूट बूट बंद, घरातसुद्धा एमसीआर चपला. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा जळू द्या. आणि रोज झोपताना त्यांचे तळवे तुम्ही डोळ्यांनी बघा, कारण जखम झाली तरी ते सांगणार नाहीत. त्यांना ती कळलेलीच नसेल.