मॅग्नेशियम : उसाचे वेगळे, माणसाचे वेगळे



मागच्या हंगामात एक जुने सभासद आमच्या गट ऑफिसात आले. लागणीची नोंद झाली, चहा झाला. उठता उठता म्हणाले, "साहेब, उसाला टाकायला मॅग्नेशियमचं पोतं नेलं होतं. अर्धं शिल्लक हाय. मला रात्री पायात गोळे येत्यात. नातू म्हणतो, मोबाईलवर सांगत्यात की मॅग्नेशियम घ्या. मग हेच चमचाभर पाण्यातनं घेतलं तर चालंल का?"

टेबलाभोवतीची मंडळी हसली. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हातारबा खरोखरच त्या रात्री पोते सोडणार होते. त्यांना तेव्हा एवढेच सांगितले, की पोत्याला हात लावू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. पण असाच प्रश्न पुष्कळांच्या मनात असणार. मेडिकल दुकानात आज मॅग्नेशियमच्या नाना तऱ्हेच्या गोळ्या आल्या आहेत, आणि त्यांच्या किमतीही तशाच नाना तऱ्हेच्या आहेत. म्हणून या अंकात उसाचे मॅग्नेशियम थोडे बाजूला ठेवून माणसाच्या मॅग्नेशियमबद्दल चार गोष्टी सांगत आहोत.

पानातले आणि हाडातले

उसाचे पान हिरवे दिसते ते हरितद्रव्यामुळे, आणि हरितद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेले असते. जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड विलस्टेटर यांनी हरितद्रव्याची घडण उलगडून दाखवली आणि त्या कामाबद्दल त्यांना १९१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मॅग्नेशियम कमी पडले की जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो, पुढे तांबूस ठिपके येतात, हे आपण शेतात पाहतोच.

माणसाच्या अंगातही मॅग्नेशियम लागते. मोठ्या माणसाच्या शरीरात ते सुमारे २५ ग्रॅम असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत, बाकीचे बहुतेक स्नायूंत व इतर अवयवांत. रक्तात एक टक्कादेखील नसते. स्नायू आखडल्यावर सैल पडणे, हृदयाचे ठोके नियमित राहणे, मज्जातंतूंचे काम, साखरेचा वापर, या सगळ्यांत त्याचा हात आहे. रक्तात एवढे थोडे असल्यामुळे नुसत्या रक्ताच्या तपासणीवरून शरीरातल्या साठ्याचा पुरता अंदाज येत नाही. विहिरीतली एक बादली बघून झऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, तसेच हे.

पोत्यावरचा आकडा आणि लागू पडणे

आता गोळ्यांकडे वळू. खताचा हिशेब ज्याला कळतो त्याला गोळ्यांचा हिशेब कळायला अडचण नाही. युरियाच्या पोत्यात नत्र ४६ टक्के, अमोनियम सल्फेटमध्ये त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. पोत्याचे वजन सारखे, पण आतले नत्र वेगळे. शिवाय आत किती आहे ही एक गोष्ट आणि पिकाला लागू किती पडले ही दुसरी.

मॅग्नेशियम एकटे गोळीत भरता येत नाही. ते कशाशी तरी जोडलेले असते आणि त्या जोडीदारावरून त्याचे नाव पडते. मुख्य प्रकार असे :

ऑक्साइड : यात मॅग्नेशियम सर्वांत जास्त, सुमारे ६० टक्के. गोळी लहान आणि स्वस्त. पण पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे अंगी लागते थोडे आणि बरेचसे पोटातून निघून जाते. पोट साफ करायला उपयोगी; कमतरता भरून काढायला कमी.

हायड्रॉक्साइड : दुधासारखे दिसणारे पांढरे औषध, म्हणजे 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया'. जळजळ आणि बद्धकोष्ठ यांवर जुन्या काळापासून देतात. ते रोजचे टॉनिक नव्हे.

सल्फेट : हेच एप्समचे मीठ. इंग्लंडात एप्सम गावी १६१८ साली एका शेतकऱ्याची गुरे तहानेली असूनही एका झऱ्याचे पाणी पिईनात, कारण ते कडू होते, आणि त्यावरून या मिठाचा शोध लागला असे सांगतात. औषधी प्रतीचे सल्फेट पूर्वीपासून जुलाबासाठी वापरतात. आपल्या शेतातल्या पोत्यातही सल्फेटच असते, त्यात मॅग्नेशियम साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. नाव एकच, पण खताच्या प्रतीचे मीठ पिकासाठी केलेले असते. माणसाच्या पोटात जाण्याजोगी त्याची शुद्धता तपासलेली नसते.

सायट्रेट : लिंबातल्या आम्लाशी जोडलेले. मॅग्नेशियम सुमारे १६ टक्के, पण विरघळते चांगले आणि ऑक्साइडपेक्षा अंगी जास्त लागते. जास्त झाले तर पोट सैल करते.

ग्लायसिनेट : मॅग्नेशियम सुमारे १४ टक्के. अंगी बरे लागते व पोटाला सोसते, म्हणून हल्ली याचे नाव फार. महागही आहे.

थ्रिओनेट : सर्वांत महाग. मेंदूला, स्मरणशक्तीला चांगले म्हणून विकतात. त्यामागचा पुरावा मुख्यत्वे प्राण्यांवरचे प्रयोग आणि माणसांवरच्या काही लहान चाचण्या एवढाच आहे. तेवढ्यासाठी घरखर्चात खोट सोसावी असे त्यात काही नाही.

डबी घेताना एक गोष्ट अवश्य पाहावी. डबीवर मोठ्या अक्षरांत 'ग्लायसिनेट १००० मिलीग्रॅम' लिहिलेले असले तर त्यात खरे मॅग्नेशियम १४० मिलीग्रॅमच्या आसपास असते. पोत्याचे वजन म्हणजे नत्र नव्हे, हे आपण दुकानदाराला ऐकवतो ना? मग इथेही तेच विचारावे.

गोळे, झोप आणि रक्तदाब

आता म्हातारबांचा मूळ प्रश्न. पायात गोळे येतात, कुणी त्याला पेटके म्हणते, कुणी वांब. त्यावर मॅग्नेशियम चालते का? हा विषय बऱ्याच चाचण्यांत तपासला गेला आहे. त्या सर्व चाचण्या एकत्र मांडून २०१२ साली आणि पुन्हा २०२० साली आढावा घेतला गेला. निष्कर्ष असा, की उतारवयातल्या माणसांच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. म्हणजे ज्या दुखण्यासाठी आपल्याकडे ही गोळी सर्वांत जास्त मागितली जाते, तिथेच ती कमी पडते. दिवसभर उन्हात दारे धरून किंवा मोळ्या वाहून घाम गेला असेल तर पाणी आणि चिमूटभर मीठ पोटात जाऊ द्यावे. झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणाव्यात, त्याचा काहींना गुण येतो. एवढे करूनही थांबले नाही तर डॉक्टर गाठावा, कारण साखर, रक्तवाहिन्या किंवा चालू असलेले एखादे औषध यांपैकीही काही कारण असू शकते.

झोपेसाठीचा पुरावा कच्चा आहे. रक्तदाब या गोळ्यांनी सरासरी दोन-एक अंकांनी उतरतो, म्हणून रक्तदाबाची चालू गोळी सोडून ही घेणे म्हणजे बांध फोडून पाट बुजवणे. अर्धशिशीच्या काही रोग्यांना मात्र डॉक्टर मॅग्नेशियम देतात आणि त्यांतल्या काहींना गुण येतो.

खरी गरज कुणाला?

ज्यांना दीर्घकाळ जुलाब आहेत, जे रोज दारू पितात, ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही, जे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतात, अशांच्या अंगात मॅग्नेशियम कमी पडू शकते. आणखी एक वर्ग आपल्याकडे फार मोठा आहे. तो म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी 'पित्ताची गोळी' घेणारा. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू ठेवल्या तर काहींचे मॅग्नेशियम उतरते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली दिला. ज्यांची ही गोळी डॉक्टरांना न विचारता दोन-दोन वर्षे चालू आहे त्यांनी मॅग्नेशियम विकत आणण्याआधी ती गोळी अजून हवी आहे का, हे विचारून यावे.

जिथे हेच मॅग्नेशियम जीव वाचवते

सभासदांनी आणि मुकादमांनी पुढील मजकूर विशेष लक्ष देऊन वाचावा. गरोदरपणात काही बायकांचा रक्तदाब एकाएकी वाढतो. तोंडावर-हातांवर सूज येते, डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटात वरच्या बाजूला दुखते. पुढे झटके येतात आणि आई व मूल दोघांच्याही जिवावर बेतते. यावरचे औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन. ३३ देशांतल्या सुमारे १० हजार स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो असे सिद्ध झाले.

आपल्या फडात तोडीला येणाऱ्या बायकांत गरोदर बाई असते. पहाटे कोयता, दिवसभर मोळ्या, रात्री कोपी. रक्तदाब मोजायला सवड कुणाला? वर सांगितलेली लक्षणे दिसली तर "उन्हानं झालं असंल" म्हणून थांबू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. हे इंजेक्शन डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. फड आपला असेल तर तिथल्या बाईची काळजीही आपल्याकडेच येते.

कुणी घेऊ नये?

जास्तीचे मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. मूत्रपिंडे धडधाकट असतील तर थोडे अधिक-उणे खपून जाते. परंतु ती अधू असतील तर मॅग्नेशियम अंगात साठत जाते. मग मळमळ, गुंगी, अंग ढिले पडणे, रक्तदाब उतरणे, आणि फार झाले तर श्वास व हृदय बंद पडण्यापर्यंत पाळी येते. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल तर मूत्रपिंडे अधू झाल्याचे पुष्कळदा माणसाला कळतही नाही. म्हणून अशांनी क्रिएटिनिनची तपासणी झाल्याशिवाय कोणतेही मॅग्नेशियम घेऊ नये, जुलाबाचेसुद्धा.

धडधाकट माणसानेही गोळ्यांतून दिवसाला ३५० मिलीग्रॅमपेक्षा अधिक मॅग्नेशियम आपल्या मनाने घेऊ नये. थायरॉइडची गोळी आणि काही प्रतिजैविके मॅग्नेशियमबरोबर घेतली तर अंगी लागत नाहीत. दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर लागते, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. शेतात जादा पालाश पडला की ऊस मॅग्नेशियम कमी उचलतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पोटातही एकाने दुसऱ्याची वाट अडवण्याचे प्रकार होतात.

भाकरीतले मॅग्नेशियम

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३०० ते ४५० मिलीग्रॅम मॅग्नेशियम लागते, पुरुषाला जास्त, बाईला थोडे कमी. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ते १३० च्या आसपास असते, बाजरीत १२० च्या आसपास. सडलेल्या पांढऱ्या तांदळात जेमतेम २०. दोन्ही वेळच्या भाकऱ्यांना मिळून २०० ग्रॅम पीठ धरले तर तिथेच अडीचशे होतात. वाटीभर उसळीचे पन्नास-साठ, मूठभर शेंगदाण्यांचे पन्नास, वर तिळाची चटणी आणि पालेभाजी. झाला की हिशेब पुरा! घरोघरी भाकरी मागे पडून पांढरा भात, मैद्याची बिस्किटे आणि पाव पुढे आले, तिथे हा हिशेब तुटीत गेला.

इथे एक गोष्ट आपल्याच अंकात प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या कारखान्याच्या साखरेत मॅग्नेशियम नावालाही नाही. रसातल्या खनिजांचा मोठा भाग मळीत उतरतो आणि साखर शुद्ध होऊन बाहेर पडते. गुळात थोडे राहते, पण मॅग्नेशियमसाठी गूळ खाणे हा काही मार्ग नव्हे, मधुमेह्याला तर नाहीच.

आता त्या म्हातारबांचे. ते तालुक्याला जाऊन तपासून आले. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती आणि क्रिएटिनिन वाढलेले निघाले. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, गोळे बरेच कमी झाले. पुन्हा ऑफिसात आले तेव्हा आपणहून म्हणाले, "बरं झालं त्या दिवशी इचारलं. चमचाभर घेतलं असतं म्हंजे आमचाच हंगाम आटपला असता!"

म्हणून सर्व सभासदांना विनंती, की खताचे पोते खताच्या खोलीत, मुलांच्या हाताला न लागेल असे ठेवावे. ताटात भाकरी, कडधान्य व शेंगदाणे असू द्यावेत. आणि मॅग्नेशियमची गोळी घ्यावीशी वाटली तर दुकानाची पायरी चढण्याआधी दवाखान्याची चढावी. माती-परीक्षण केल्याशिवाय उसाला खत देऊ नका, असे आम्ही तुम्हाला दरसाल सांगतो. स्वतःच्या देहालाही तोच नियम लावावा.