घरबसल्या खरेदी : सोय आणि सावधगिरी

महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवर, तलासरी तालुक्यात वेवजी हे गाव वसलेले आहे. पलीकडे उंबरगाव आहे. सीमेवरच्या गावातील माणसाचा बाजार, रोजगार आणि नातीगोती दोन्ही बाजूंना पसरलेली असतात. या बाजारात आता मोबाईलवरील दुकानाची भर पडली आहे. आठवडी बाजारात विकणारा समोर असतो. त्याचा चेहरा आणि बहुधा गावही ठाऊक असते. मोबाईलवरील दुकानात यांपैकी काहीच दिसत नाही. म्हणूनच या व्यवहारातील धोके ओळखणे ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत सर्वांना अगत्याचे झाले आहे.

फसवणूक होते कशी?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक यंत्रणेवर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडण्यात आले. तो प्रकार यंत्रणा फोडण्याचा होता. सामान्य ग्राहकाच्या बाबतीत मात्र चोराला बहुधा कुलूप फोडावे लागत नाही. तो ग्राहकाकडूनच किल्ली मागून घेतो.

समजा, वेवजीतील एका कामगाराने मुलीसाठी दप्तर मागविले आणि ते फाटके निघाले. पैसे परत मिळविण्यासाठी तो इंटरनेटवर कंपनीचा दूरध्वनी क्रमांक शोधतो. तेथे भामट्याने कंपनीच्या नावावर स्वतःचाच क्रमांक टाकून ठेवलेला असतो. ‘रक्कम लगेच परत करतो, आम्ही पाठविलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका,’ असे पलीकडून सांगण्यात येते. पिन टाकताच रक्कम जमा होण्याऐवजी खात्यातून निघून जाते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत पिन हा पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी तो लागत नाही. हे एवढे ध्यानात असते, तर त्या कामगाराची मजुरी वाचली असती.

संकेतस्थळाच्या पत्त्याजवळील कुलुपाच्या चिन्हाविषयीही गैरसमज आहे. आपण भरलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढीच ग्वाही ते चिन्ह देते. दुकानदार प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नव्हे.

खरेदीपूर्वी

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये अशा व्यापारी संस्थेने आपले नाव, पत्ता व तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील दर्शविणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निवारण एका महिन्यात करणे हेही तिचे कर्तव्य आहे. जेथे हा तपशील नाही, तेथे आगाऊ पैसे भरू नयेत. कंपनीचा क्रमांक तिच्या अधिकृत ॲपमधूनच घ्यावा. ‘पार्सल अडकले आहे’ अशा संदेशातील दुव्यावर बोट ठेवू नये. अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप उतरवून घेऊ नये. काही ॲपद्वारे आपल्या मोबाईलचा पडदा दुसऱ्यास दिसू लागतो आणि ओटीपीही त्याच्या हाती पडतो.

पहिला तास मोलाचा

फसवणूक लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. चोरलेली रक्कम प्रथम दुसऱ्या एखाद्या खात्यात जाते आणि तेथून पुढे फिरविली जाते. तक्रार नोंदताच संबंधित बँकांना सूचना मिळते व खात्यात शिल्लक असलेली रक्कम रोखता येते. ती रोखीने काढली गेली, की परत मिळणे अवघड होते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ व रक्कम जवळ ठेवून फोन करावा आणि आपल्या बँकेलाही त्वरित कळवावे. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे हानी झाली तरी बँकेला कळविल्यानंतर होणाऱ्या हानीचा भार त्याच्यावर राहत नाही, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले.

सीमेचा अडसर नाही

विक्रेता एका राज्यात, बँक दुसऱ्या राज्यात आणि चोर तिसऱ्याच ठिकाणी, अशी स्थिती असल्यास दाद कोठे मागावी? सीमेवरील गावास हा प्रश्न विशेष जाणवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडला असला तरी, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. सदोष मालाबाबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर सल्ला मिळतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडेही तक्रार करता येते.

मात्र या तरतुदींचा लाभ तक्रार करणाऱ्यालाच मिळतो. ‘लोक हसतील’ या भीतीने पुष्कळजण गप्प बसतात आणि मोलाचा तास निघून जातो. ग्रामसभेत या विषयासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत, १९३० हा क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहावा आणि फसलेल्या माणसाला दोष न देता प्रथम त्याच्या हाती फोन द्यावा. गावाने एवढे केले, तरी कष्टाचा पुष्कळसा पैसा वाचू शकेल.